बाटलीवरचे पंढरीनाथ

महानगर, लखनऊ
१४ नोव्हेंबर २०२४

प्रिय कल्पू,

तुझं पार्सल काल पोचलं. पोस्टमन फाटकाशी बराच वेळ घंटी वाजवत उभा होता म्हणे. शेजारच्या सक्सेनाबाईंनी गच्चीवरून हात हलवले तेव्हा मला कळलं. कानात यंत्र घालून बसलो होतो, तरी ही गत. फोनवर तर सगळे शब्द सादळलेल्या पापडासारखे येतात. आपला हा पोस्टाचा व्यवहार चालू आहे ते बरंच आहे.

भडंग आमच्या हृषीकेशने ऑफिसातून आल्या आल्या फोडलं. ऋताने दोन मुठी खाल्ल्या, डोळ्यांतून पाणी आलं आणि म्हणाली, "आजोबा, बहुत तीखा है, और दो." पोरीला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. कोल्हापुरी चटणी मी कपाटात लपवली आहे.

आणि खाली निनादच्या दोन बाटल्या! लेबल काय सुरेख केलंय गं. 'सह्यरेशी – हृदयाचा सखा'. आठवतं का, लहानपणी ओढ्याकाठच्या ओंडक्यावर अशा अळंबीच्या लाल-तपकिरी, लाकडासारख्या कडक टोप्या यायच्या. आपण सगळ्यांनाच 'कुत्र्याची छत्री' म्हणायचो आणि हात लावला की आई धपाटा घालायची. आता भाचा त्याच कॅप्सूलमध्ये भरून मामाला पाठवतोय.

मी लगेच सुरू केल्या. लेबलावर लिहिल्याप्रमाणे सकाळी एक, संध्याकाळी एक.

तुला खरं सांगतो. झडप बदलल्याला दोन वर्षं झाली, पण मी मनाने अजून त्या खाटेवरच होतो. बाहेरचं जग मला ऐकू येत नाही, पण छातीतली ती धातूची झडप टिकटिक करते ती मात्र स्वच्छ ऐकू येते. फाटकापर्यंत जायचो, टिकटिक वाढली असं वाटायचं, की परत फिरायचो. तुझी मालिनीवहिनी असती तर तिने ढकलत नेलं असतं. आता ढकलणारं कोण?

आणि आज सकाळी मी चालत इथल्या कपूरथला चौकातल्या बाजारात गेलो. एकटा. अमरूद, म्हणजे आपले पेरू, घेतले, भैयाशी भाव केला, चालत परत आलो. वाटेत कुठे बसलो नाही. निनादला सांग, मामा म्हणाला, शाब्बास.

प्रणिताला अजून काही बोललो नाही. सून गुणी आहे, पण औषधांच्या संशोधनातली आहे. तिला काही सांगायचं म्हणजे मला पुन्हा तोंडी परीक्षेला बसल्यासारखं होतं.

तुझा दादा


कोल्हापूर
३ डिसेंबर २०२४

दादा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा ह्यांना वाचून दाखवलं. तू एकटा बाजारात गेलास! मी देवापुढे साखर ठेवली.

निनाद शेडवरून आला तेव्हा त्याच्या हातात पत्र दिलं. त्या रात्री त्याने एक भाकरी जास्त खाल्ली. पुण्याची नोकरी सोडून आला तेव्हापासून ह्यांनी त्याच्याशी नीट बोलणं टाकलंय, तुला माहीत आहेच. कुणी विचारलं, मुलगा काय करतो, तर हे सांगतात, "नोकरी शोधतोय." तीन वर्षं झाली, पोरगं पन्हाळ्याच्या पायथ्याशी शेड घालून राबतंय आणि बापाच्या लेखी ते अजून नोकरीच शोधतंय. आधी धिंगरी अळंबी लावली, ती हॉटेलवाल्यांना देतो. आता ही रेशी. पावडर स्वतः करतो, कॅप्सूलमध्ये दुसरीकडून भरून घेतो.

तुझं पत्र ऐकल्यावर हे म्हणाले, "पंढरीनाथ उगाच कुणाचं कौतुक करायचे नाहीत." आणि रविवारी शेड बघायला गेले! मी तर थक्क झाले.

आता एक काम. निनादचं म्हणणं आहे, मामांचा एक फोटो आणि चार ओळी मिळाल्या तर बाटलीवर छापू. निवृत्त बँक अधिकारी, हृदयाची शस्त्रक्रिया झालेली, लखनऊसारख्या शहरातले. लोकांचा विश्वास बसेल. देशील ना?

डॉक्टरांना विचारून घेतोयस ना कॅप्सूल? विचारलं असशीलच.

मीही माझ्या गुडघ्यांवर लसणाचं तेल चोळतेय. थंडीत फार धरतात.

कल्पू


महानगर, लखनऊ
७ जानेवारी २०२५

प्रिय कल्पू,

इथे धुक्याने कहर केलाय. समोरचं फाटक दिसत नाही. हृषीकेश गमतीने म्हणतो, सकाळी हज़रतगंजला ऑफिसात जायला निघालो की दुपारी पोचतो. दर महिन्याची माझी रक्ताची तपासणी असते, ती ह्या महिन्यात राहिली. एवढ्या गारठ्यात कोण लॅबमध्ये जाऊन रांगेत बसतंय? तब्येत तर ठणठणीत आहे.

फिरणं मात्र चालू. धुकं विरलं की पार्कात जातो. तिथे आमच्या वयाचे पाचसहाजण उन्हाला बसतात. त्यातले एक मिश्राजी मला रोज विचारतात, "पंढरी बाबू, राज़ क्या है?" मी नुसता हसतो.

फोटो सोबत पाठवतोय. कपूरथल्याच्या स्टुडिओत जाऊन काढला, कोट घालून. नीट बघितलंस तर हनुवटीवर कापूस चिकटवलेला दिसेल. दाढी करताना जरा कापलं आणि रक्त काही थांबेना. थंडीत कातडी फुटते त्यातलाच प्रकार. निनादला सांग, कापूस छापू नकोस. दंडावरही एक निळा डाग पडलाय, कपाटाच्या दाराला घासलो असेन. वय झालं, दुसरं काय.

मजकूर असा छाप:

'मी पंढरीनाथ, वय बहात्तर. माझ्या हृदयाची झडप बदलली आहे. सह्यरेशी घेऊ लागल्यापासून मी रोज दोन किलोमीटर चालतो. उत्साह वाटतो. काहीही त्रास नाही.'

डॉक्टर माझ्यावर खूश आहेत. काळजी करू नकोस.

तुझा दादा


कोल्हापूर
२८ जानेवारी २०२५

दादा,

तू आता प्रसिद्ध झालास! प्रत्येक बाटलीवर तुझा फोटो आहे. कापूस पुसून टाकलाय. निनादने मोबाइलवरही टाकला आणि आठवड्यात मागणी दुप्पट झाली. इचलकरंजीच्या एका निवृत्त चित्रकला शिक्षकांनी, शशिकांत सर म्हणतात त्यांना, तुझा फोटो बघून एकदम चार बाटल्या मागवल्या. त्यांनाही हृदयाचं आहे म्हणे.

आणि ऐक. पार्सलं बांधायला आता हे बसतात! एसटीत तीस वर्षं काढलेला माणूस, दोरी अशी आवळतो की गिऱ्हाइकाला कात्रीच लागावी. निनादने एकदा म्हटलं, "बाबा, चिकटपट्टी लावा," तर म्हणाले, "दोरीला काय झालं?" एवढंच बोलणं झालं, पण झालं. माझ्या घरात तीन वर्षांनी बाप आणि लेक एका सतरंजीवर बसलेत. ते सगळं तुझ्या चार ओळींमुळे. मी काय बोलू?

निळ्या डागाला खोबरेल तेल चोळ. कातडी कोरडी पडली की होतं तसं. ह्यांच्याही पायावर येतात.

कल्पू


महानगर, लखनऊ
१६ फेब्रुवारी २०२५

ती. कल्पना आत्या,

नमस्कार. बाबा रुग्णालयात होते हे हृषीकेशने तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे. काल त्यांना घरी आणलं. आता बरे आहेत, मऊ खिचडीवर रागावले आहेत. फोनवर मला सगळं नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहितेय.

मागच्या मंगळवारी सकाळी आंघोळीनंतर बाबांच्या नाकातून रक्त येऊ लागलं. ते खोलीचं दार लोटून, नाकाला टॉवेल लावून बसून राहिले. कुणाला हाक मारली नाही. मी लॅबला निघताना चहा द्यायला गेले तर अर्धा टॉवेल लाल झालेला. मला बघून म्हणाले, "थांबतंय, थांबतंय. तू जा, तुला उशीर होईल."

रुग्णालयात रक्त तपासलं. आत्या, धातूची झडप बसवली की तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. गोळी कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. म्हणून दर महिन्याला तपासून तिचं प्रमाण ठरवतात. बाबांचं रक्त हवं त्याच्या दुपटीहून जास्त पातळ झालं होतं. डोक्याला नुसता मार लागला असता तरी काय झालं असतं, ह्याचा विचार मी करत नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "बाबूजी, और कोई दवा? देसी, जड़ी-बूटी, कुछ भी?" बाबांनी मान हलवली, नाही. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. मी त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने विचारलं. पुन्हा नाही.

दुपारी नाकात बोळे घातलेले, आवाज गेंगाणा, आणि ते मला खुणेने जवळ बोलावून म्हणाले, "प्रणिता, निनादला फोन लाव. बाटलीवरचा माझा फोटो आधी काढायला सांग."

मी म्हटलं, "कुठली बाटली? का काढायचा?"

"का ते सांगू नकोस. नुसतं काढायला सांग."

"मग मी फोन लावणार नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. कॅप्सूल, फोटो, चार ओळी, चुकवलेली तपासणी, दंडावरचे डाग. म्हणाले, "मी लिहून दिलंय, काहीही त्रास नाही. ते वाचून कुणी घेत असेल." तुम्हाला कळवू नकोस म्हणून मात्र हात जोडले. ते मी मानणार नाही, असं त्यांना तिथेच सांगितलं.

रेशीमुळे रक्त आणखी पातळ होऊ शकतं, असे अभ्यास आहेत. फार पक्के नाहीत. हे सगळं तिच्यामुळेच झालं असं मी शपथेवर सांगणार नाही, कारण तपासणीही राहिली होती. पण ही गोळी चालू असताना डॉक्टरांना न विचारता घेण्यासारखी ती वस्तू नाही, एवढं नक्की. निनादला मी त्याच दिवशी फोनवर हे सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी, मामा वाचतील ना?"

मी दिवसभर औषधांवर काम करते आणि माझ्याच घरात हे चाललेलं मला दिसलं नाही. त्याहून जास्त लागलं ते हे, की बाबांना मला सांगायची भीती वाटली. मी घरात कशी बोलते, त्याचा विचार करतेय.

तुमच्यावर किंवा निनादवर माझा राग नाही. खरंच नाही.

तुमची,
प्रणिता


कोल्हापूर
२५ फेब्रुवारी २०२५

दादा,

मी तुझ्याशी भांडणार आहे. चष्मा लाव आणि नीट वाच.

तू मला काय समजलास? माझ्या मुलाचं कौतुक राहावं म्हणून तू टॉवेल लावून बसलास? उद्या तुला काही झालं असतं आणि बाटली माझ्या हातची निघाली असती, तर मी कुणाच्या तोंडाकडे बघून जगले असते? मुलगा माझाच आहे, पण भाऊही माझाच आहे. दोघांतलं कुणाला जपायचं हे तू कोण ठरवणार?

आणि मी शहाणी! तू डाग लिहिलास, मी खोबरेल तेल सांगितलं. हनुवटीवर कापूस दिसत होता, तो पुसून छापला. मी विचारलं होतं, डॉक्टरांना विचारलंस का, आणि तू लिहिलंस, डॉक्टर खूश आहेत. मी ते उत्तर घेऊन गप्प बसले, कारण मला तेच हवं होतं. दोन दिवस मी स्वयंपाकघरात नुसती भांडी घासत होते. स्वच्छ भांडी.

आता इथलं ऐक. प्रणिताचा फोन आला त्या दिवशी निनादने उरलेल्या बाटल्यांवरची लेबलं पाण्यात भिजवून काढली. मग बाटली घेतलेल्या प्रत्येकाला फोन करत बसला. "काका, तुम्ही कुठल्या गोळ्या घेता? रक्त पातळ करणारी आहे का? डॉक्टरांना सांगितलंय का?" काही हसले. एकाने शिवी दिली, "आधी विकतोस आणि मग घाबरवतोस का रे?" निनाद म्हणाला, "हो काका, चुकलंच. पण विचारून घ्या."

शशिकांत सर फोन घेईनात. तेव्हा हा मोटारसायकल काढून इचलकरंजीला गेला. दादा, सरांच्या हिरड्यांतून पंधरवडाभर रक्त येत होतं. त्यांना वाटलं, कवळी टोचते. त्यांना ठोके चुकण्याचा आजार आहे आणि तुझ्यासारखीच गोळी. निनाद त्यांना तसाच मागे बसवून डॉक्टरांकडे घेऊन गेला. वेळेवर आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. निघताना सर निनादला म्हणाले, "तुझ्या मामांचा फोटो बघून घेतल्या रे. म्हटलं, हा माणूस आपल्यातलाच दिसतो."

तेव्हापासून पोरगं शेडकडे फिरकलेलं नाही. खोलीत पडून असतं. परवा म्हणालं, "आई, मी परत पुण्याला जातो. माझ्याकडून माणूस मेला असता." हे सकाळ-संध्याकाळ शेडवर जातात आणि धिंगरी ज्यात वाढते त्या पिशव्यांवर पाणी मारून येतात.

तू त्याला लिही. माझं तो ऐकत नाही.

आणि ती रक्त पातळ करायची गोळी रागाच्या भरात बंद करू नकोस म्हणून प्रणिताने बजावलंय, ते ऐक. तपासणी चुकवलीस तर मी येऊन तुझा कान धरीन, ऐकू येत नसला तरी.

कल्पू


महानगर, लखनऊ
९ मार्च २०२५

प्रिय कल्पू, आणि निनाद,

हे पत्र दोघांना. निनाद, आईच्या हातून घे आणि स्वतः वाच.

कल्पू, तू भांडलीस, बरं वाटलं. पण तू समजतेस तेवढा मी उदार नाही. निनादसाठी गप्प बसलो हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं असं, की मला वाटायचं माझं धैर्य त्या बाटलीत आहे. सांगितलं तर बाटली काढून घेतील आणि मी पुन्हा फाटकावरून परत फिरणारा म्हातारा होईन. रक्त दिसत होतं. मला कळत होतं. पण घरात कोंडून बसण्यापेक्षा ते बरं, असा हिशेब मी मनात केला होता. हे मी प्रणितालाही सांगितलं. ती रागावली नाही. माझ्याशेजारी बसून अमरूद कापत राहिली आणि म्हणाली, "बाबा, मला वाटायचं तुम्हाला चालायला आवडत नाही." दोन वर्षं एका घरात राहून आम्ही एकमेकांना काही विचारलंच नव्हतं.

परवा तपासणीला गेलो. रक्त पुन्हा हवं तसं आलंय. डॉक्टरांच्या दारासमोर बाकावर आम्ही सातआठ जण होतो. डॉक्टर बाहेर डोकावून म्हणाले, "पंढरीनाथ जी, मशरूम तो बंद है न?" मला ऐकू येत नाही म्हणून ते ओरडले आणि मीही ओरडून सांगितलं, "बिल्कुल बंद! अब जो खाऊँगा, पूछ के खाऊँगा!"

सगळा बाक माझ्याकडे बघू लागला. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "मशरूम? कैसा मशरूम?" मी सगळी हकीकत सांगितली. त्यावर त्यांची बायको त्यांना म्हणाली, "सुन रहे हो? और वो जो तुम अर्जुन की छाल उबाल के पीते हो?" ते म्हणाले, "धीरे बोलो." पलीकडच्या एका आजींनी पर्समधून लसणाच्या कॅप्सूलची पाकिटं काढली. एकाने सांगितलं, तो मेहुण्याने आणलेलं कसलंसं चूर्ण घेतो, नाव माहीत नाही, रंग काळा. डॉक्टर दारात उभे राहून बघत होते. त्यांनी कपाळाला हात लावला, मग हसू लागले. म्हणाले, "आप लोग मुझे बताइए तो सही. मुझे पता ही न हो, तो मैं गोली कैसे तय करूँ?"

निनाद, हे तुझ्यासाठी लिहितोय. डॉक्टरांनी तुझ्या रेशीला नावं ठेवली नाहीत. मी त्यांना स्पष्ट विचारलं. ते म्हणाले, धडधाकट माणसाने काय खावं तो त्याचा प्रश्न; पण हृदयाच्या गोळ्या घेणाऱ्याने विचारल्याशिवाय नाही. आणि 'हृदयाचा सखा' हे शब्द कुणी तपासून दिले होते, असं त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं, कुणीच नाही. ते शब्द काढ. ती तुझी चूक आहे, ती तू कबूल केलीसही. पण घेतलेल्या प्रत्येकाला स्वतः फोन करणारा, फोन न घेणाऱ्याच्या दारात जाऊन उभा राहणारा विकणारा मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही, आणि मी बँकेत बसून पुष्कळ धंदे पाहिले आहेत. असा माणूस पुण्याला जाऊन दुसऱ्याची नोकरी का करतो? धिंगरी लाव. ती तर निव्वळ भाजी आहे.

माझा अभिप्राय मी नव्याने देतो. हवा तर छाप:

'मी पंढरीनाथ, वय बहात्तर. रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असताना मी रेशी अळंबीच्या कॅप्सूल घेतल्या. डॉक्टरांना सांगितलं नाही, तपासणी चुकवली, अंगावर डाग पडले ते लपवले. नाकातून रक्त येऊन रुग्णालयात राहावं लागलं. आता बरा आहे. तुम्ही काही घेत असाल तर आजच डॉक्टरांना सांगा.'

राहिलं चालणं. घरी आल्यावर पहिल्या दिवशी फाटकाबाहेर पाऊल टाकलं. खिशात कॅप्सूल नाही, पोटात कॅप्सूल नाही. पार्काच्या कोपऱ्यावरून परतलो. दुसऱ्या दिवशी मिश्राजी घरीच आले. "पंढरी बाबू, धूप आपका इंतज़ार कर रही है." गेलो. आता रोज जातो. काल तर चौक बाजारात गेलो, कल्पू, तुझ्यासाठी चिकनकारीचं, म्हणजे इथल्या भरतकामाचं, कापड घ्यायला. होळीची गर्दी, रिक्षा गल्लीत अडकली, शेवटी उतरून चालत गेलो. कापड फिकट जांभळं आहे. दुकानदाराने पाच रंग दाखवले, तुला कुठला आवडतो हे मला माहीत नव्हतं, अंदाजाने घेतलं.

तुमचा,
दादा आणि मामा


कोल्हापूर
४ एप्रिल २०२५

दादा,

तुझं पत्र निनादने खोलीत नेऊन वाचलं. दुपारी जेवायला आला नाही. संध्याकाळी बाहेर आला तेव्हा डोळे सुजलेले, पण पायात शेडवरचे बूट होते. म्हणाला, "आई, बाबांनी पिशव्यांवर जास्तच पाणी मारलंय. सडतील."

कॅप्सूल त्याने बंद केल्यात. म्हणतो, मला स्वतःला पुरतं कळल्याशिवाय नाही. धिंगरीवर जोर आहे; ताजी हॉटेलांना, वाळवलेली पाकिटात. ज्यांनी पूर्वी बाटल्या घेतल्या होत्या त्या सगळ्यांना त्याने तुझा नवा अभिप्राय छापून पाठवला. फोटोसकट. ह्या वेळी कापूसवाला! पुसलेला नाही. ह्यांनी ते कागद घडी घालून पाकिटात भरले.

गेल्या रविवारी शशिकांत सर बायकोला घेऊन एसटीने शेड बघायला आले. तब्येत सुधारली आहे, कवळीही नवी बसवली. तासभर एका पिशवीसमोर बसून धिंगरीचं चित्र काढलं त्यांनी, पांढऱ्या टोप्या एकावर एक, अगदी हात लावावासा वाटेल असं. म्हणाले, "हे पाकिटावर घाल. माणसाचा चेहरा नको." तेव्हा आता तुझी जागा धिंगरीने घेतली, वाईट वाटून घेऊ नकोस.

चहा पिताना सरांच्या बायकोने ह्यांना विचारलं, "निनाद तुमचाच मुलगा ना?" मी कप धरून थांबले. आता हे काय बोलतात?

हे म्हणाले, "हो, माझा मुलगा. अळंबी लावतो. सगळ्यांना ह्यानेच फोन केले."

निनाद पिशव्यांच्या पलीकडे उभा होता. त्याने ऐकलं. मग उगाचच पाण्याचा पंप चालू केला आणि बराच वेळ बंद केला नाही.

दादा, जांभळा मला आवडतो. आधी माहीत नव्हता, आता आवडतो.

तिकिटं काढलीत. पुण्याहून गाडी आहे, अठरा तारखेला शुक्रवारी दुपारी लखनऊला पोचतो. मी, निनाद आणि हेही! हे म्हणतात, इतकी वर्षं पंढरीनाथ बोलावतात, एकदा जाऊन येऊ. प्रणिताला सांग, स्वयंपाकाचं काही ठेवू नकोस, मी भाकरीचं पीठ घेऊन येतेय. निनादला तिच्याशी रेशीविषयी खूप बोलायचंय, त्याने प्रश्न काढून ठेवलेत. तिने परीक्षा घेतली तरी चालेल म्हणतो.

हृषीकेशला स्टेशनवर पाठवू नकोस. त्याला ऑफिस असेल.

तू ये.

कल्पू